चौतीस नंबरचं कार्ड

च्युइंगमच्या पुडीत क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची, त्या काळात पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत माझ्याइतकं कोणी कोणाला बदडलं नसेल. मुलगी होते म्हणून काय झालं? सिंदी मेघेच्या एका पोरानं माझं कार्ड पळवलं, तर त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की त्याची आई खूण दाखवायला आमच्या दारात आली. पस्तावा? छे! कार्ड परत मिळालं होतं.

साठ कार्डांचा संच. सात नंबरवर सगळ्यांचा लाडका फलंदाज. त्याच्यावर पोरं जीव टाकायची, पण तो ढिगानं निघायचा. माझ्याकडेच अकरा होते. चौतीस नंबरवर कुठलासा गोलंदाज, त्याचं नावही कोणाला धड माहीत नव्हतं. तो मात्र कोणालाच निघेना. मग काय, एरवी ज्याला कुत्रं विचारलं नसतं, त्याच्यासाठी गल्ली वेडी झाली. माझी एकोणसाठ जमली होती.

आणि चौतीस नंबर निघाला माझ्या धाकट्या भावाला. आयुष्यातली पहिलीच पुडी त्याची!

गल्लीचा कायदा होता: मुठीतलं कार्ड मालकाचं, जमिनीवर पडलेलं उचलणाऱ्याचं. भावानं ते मुठीत आवळलं.

"हात उघड, नाई तं थोबाड फोडीन," मी म्हणाले.

"फोड. देत नाई."

मी त्याला भिंतीवर आदळलं, पोटात गुडघा मारला, बोटं पिरगाळली. मूठ उघडेना. मग माझं डोकंच फिरलं. होता नव्हता तो जोर काढून त्याच्या डाव्या कानावर लगावली. तो मटकन खाली बसला आणि कार्ड धुळीत पडलं. मी आधी कार्ड उचललं, मग त्याच्याकडे पाहिलं. कानातून रक्त येत होतं.

बाबा मास्तर होते. रूळ घेऊनच बाहेर आले. "कोणं मारलं तुले?"

मी दाराआड सरकले. भाऊ म्हणाला, "जांबाच्या झाडावरून पडलो."

"काऊन चढला होता?" म्हणत बाबांनी त्यालाच झोडपलं, त्या रक्ताळलेल्या कानासकट. मी दाराआड उभी होते, कार्ड फ्रॉकच्या खिशात.

आईनं डॉक्टर केले, गिरडच्या टेकडीवर जाऊन नवस बोलली. कानाचा पडदा फाटला तो फाटलाच. पुढे पोलीस भरतीत भाऊ धावण्यात पहिल्या पाचात आला आणि मेडिकलला कानावरून बाद झाला. "साहेब झाडावर चढले नसते, तं आज अंगावर वर्दी असती," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तो मान खाली घालून ऐकायचा. दर दिवाळीला मी ठरवायची, यंदा बाबांना खरं सांगायचंच. दर दिवाळीला चिवडा खाऊन सासरी परतायची. किती भेकड असावं माणसानं! गेल्या वर्षी बाबा गेले.

या रविवारी नागपूरचा एक कार्डं जमवणारा, मी मोबाईलवर टाकलेले फोटो पाहून, भावाच्या घरी आला; संच माहेरीच होता, म्हणून मीही तिथं आले होते. पूर्ण संच त्यानं पहिल्यांदाच पाहिला म्हणे. चौतीस नंबर तर हातात धरून बसला. मग उजेडात नेऊन म्हणाला, "मधोमध घडी आहे हो. किंमत निम्म्यावर येते यानं. दुमडलं कसं?"

माझ्याआधी भाऊच बोलला. "लहानपणी झाडावरून पडलो. मुठीत होतं."

तीस वर्षांनीही तेच, परक्या माणसासमोर! मला ते ऐकवेना. "खोटं आहे. मी मारलं त्याले," मी कशीबशी पुटपुटले. पाहुण्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. कूलर घरघरत होता. भाऊ मात्र कार्डं नंबरवार लावत राहिला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते.

मी उठले, उजवीकडे जाऊन बसले आणि पुन्हा सांगितलं. त्याचे हात थांबले.

"आता सांगून राह्यली व, ताई?" तो म्हणाला. "बाबा तं गेले."