तीन फुल-फ्रेम कॅमेरे आणि माझा डावा डोळा

दुकानाच्या काउंटरवर कॅमेरा हाताळून घेणं म्हणजे दोन पावलंही न चालता चप्पल घेणं. भाड्याने घ्या आणि घराबाहेर पडा, हा माझा सल्ला.

गेल्या वर्षी माझा उजवा डोळा अधू झाला, तेव्हापासून कॅमेरा बंदच होता. पण करंजाड्याची पुतणी प्राजक्ता हटून बसली, "काका, माझ्या लग्नाचे फोटो तुमीच काढायचे." डाव्या डोळ्याने जमेल का, हे आधी मलाच कळायला हवं होतं. म्हणून तीन कंपन्यांचे तीन फुल-फ्रेम कॅमेरे दिवसभरासाठी भाड्याने घेतले आणि शनिवारी पहाटे बायकोला, सुनंदाला, घेऊन ऐरोलीहून गाडी काढली.

पहिला थांबा वाशीचं एपीएमसी, फळबाजार. लवकर पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. पहिला कॅमेरा हलका, पण करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबकळते. दुसऱ्याची पकड भक्कम, बटणं न बघता सापडतात, वजन मात्र मनगटाला जाणवतं. दोन्हींनी माणसांचे चेहरे टिपले, तर चेहरे धूसर आणि मागची मोसंबी स्पष्ट. बाराच्या बारा फोटो फसले. माझा धीरच सुटला. "प्राजक्ताला नाही म्हणून कळवतो," मी सुनंदाला म्हणालो.

शेजारी चहा पिणारा साताऱ्याकडचा एक हमाल मघापासून बघत होता. "सायेब, त्या काचंवर नाकानं काय दाबताय?"

खरंच की. डावा डोळा व्ह्यूफाइंडरच्या खिडकीला लावला की नाक मागच्या टचस्क्रीनवर टेकतं आणि फोकसचा चौकोन नाकाबरोबर सरकतो. उजव्या डोळ्याच्या काळात नाक कडेला राहायचं, त्यामुळे हे कधी कळलंच नाही.

"आणि तुम्ही बिचाऱ्या डोळ्याला बोल लावत होता," सुनंदा म्हणाली.

टच बंद केला, फोकस जागेवर आला. तरी दुसऱ्या कॅमेऱ्यावर अंगठा गालात रुततच होता. तिसऱ्याचा व्ह्यूफाइंडर मागे चांगला बाहेर आलेला, त्यामुळे नाक मोकळं, अंगठाही मोकळा. मेनू मात्र इतका किचकट की एक सेटिंग शोधेपर्यंत चहा गार झाला.

पाम बीच रोडने, पनवेलवरून करंजाडे. वहिनींनी भाकरी आणि सुकट वाढली. जेवणानंतर गॅलरीत तिसऱ्या कॅमेऱ्याने प्राजक्ताचे फोटो काढले, पण तिला होकार मात्र दिला नाही. छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात.

संध्याकाळी घरी मोठ्या मॉनिटरवर उघडले. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता. मला रडू आलं, त्यात लाज कसली.

उजव्या डोळ्याच्या, मोठ्या पंजाच्या माणसाने खुशाल दुसरा घ्यावा. मी तिसरा घेतोय. लगेच प्राजक्ताला फोन लावला. "फोटोंचं दुसऱ्या कुणाला सांगितलंयस का?"

"एकाला विचारून ठेवलंय, काका."

"त्याला पत्रिका दे," मी म्हणालो. "जेवायला ये म्हणावं."