जावेच्या श्रगची डावी बाही

माझी जाऊ क्रोशाची सुई हातात घेतली की कुणाला जुमानायची नाही. सुनेच्या ऑफिसात आपली कला दिसावी, म्हणून तिने तिथल्या समारंभासाठी सुनेला ड्रेसवर घालायचा जाळीदार, हलका श्रग विणला. "टाके मोजतात ते शिकाऊ," असा तोरा! सुनेने घालून बघितला, तर उजवी बाही छान सैल, डावी कोपरावरच अडकली. मन तापलेलं असलं की हात आवळतो नि टाके घट्ट पडतात, हे विणणाऱ्या सगळ्यांना ठाऊक.

"आई, उजवी कधी विणलीत?"

"तू माहेरी होतीस तेव्हा."

"आणि डावी?"

"तू आल्यावर," म्हणाली आणि जीभ चावली बाईने.

सून थंडपणे म्हणाली, "मग डावी उसवा. समारंभाला आठ दिवस आहेत. मी माहेरी जाऊन येते."

आठ दिवसांत बाही अगदी सारखी झाली बघ. जाऊ अजून सांगते, दोराच खराब होता.