घमेल्याखालचा जाळ

अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, समोरच्याचं ऐकून झाल्यावर काढायचे दोनच आवाज आहेत. एक 'हं' आणि एक 'वा'. 'हं' म्हणजे कळलं, पुढं चला. 'वा' दुर्मीळ. ते तुळजापुरात शाळेत गणित शिकवायचे तेव्हा फळ्यावर कुणी लांबलचक गणित दोन ओळींत सोडवून दाखवलं, तरच तो ऐकू यायचा. मी त्यांच्याच वर्गात होते. माझी गणितं नेहमी बरोबर यायची, पण सगळ्या पायऱ्यांसकट. त्यामुळं माझ्या वाट्याला कायम 'हं' आला.

मी खगोलशास्त्रज्ञ आहे. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो. खरं तर दुर्बीण कुठल्या तरी दूरच्या डोंगरावर असते, तिनं टिपलेलं पुण्यात माझ्या संगणकावर येतं आणि मी ते भर दुपारी, चहा पीत तपासते. माझा विषय आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या पोटातली प्रचंड कृष्णविवरं. जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मधोमध असं एक बसलेलं असतं. त्याच्याकडं वायू ओढला जातो, पडता पडता तापतो आणि असा झळाळतो की त्याच्यापुढं अख्खी दीर्घिका फिकी पडते. अशा झळाळत्या केंद्राला आम्ही क्वेसार म्हणतो. वायू यायचा थांबला की झळाळी जाते. कृष्णविवर तिथंच असतं, फक्त दिसत नाही.

हे मी अण्णांना समजावलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. एका दिवाळीत परसातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. मी हंडा उतरवला आणि तिथलंच एक लोखंडी घमेलं धगधगत्या चुलीवर पालथं घातलं. म्हटलं, अण्णा, आता लांबून बघणाऱ्याला जाळ दिसणार नाही, तो म्हणेल चूल विझली. आकाशातही असंच होतं. मध्ये धूळ येते आणि जे झाकलंय ते विझलंय असं वाटतं. मग विझलंय की झाकलंय हे ओळखायचं कसं, तर त्या धुळीची ऊब मोजायची, असं म्हणत मी अवरक्त किरणांवर गेले, तिथून धुळीच्या तापमानावर, तिथून आणखी कुठं तरी. तोवर परसभर धूर झाला होता आणि आई आतून ओरडत होती. अण्णांनी फडक्यानं घमेलं बाजूला केलं, 'हं' म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आता माझ्या मैत्रिणीविषयी. आम्ही दोघींनी एकाच मार्गदर्शकाकडं पीएचडी केली आणि आता एकाच संस्थेत नोकरी करतो. तिचं टेबल माझ्या शेजारी आहे. ती हुशार आहे. नसती तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं. मी एकेक दीर्घिका घेऊन वर्षानुवर्षं तेवढ्या एकीच्याच मागं लागते, माझी मैत्रीण संगणकाला हजारो दीर्घिकांवर नजर ठेवायला सांगते आणि स्वतः मजेत गाणी ऐकत बसते. शिवाय तिला बोलता येतं. मला तिचा हेवा वाटतो हे मी इथं एकदाच स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढं आडून आडून सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी तिला आमच्या घरी यायचं होतं. मीच म्हटलं, चल. सोलापूर सोडून तामलवाडी मागं पडली की माझी भाषा आपोआप घरची होते, हे तिच्या लगेच लक्षात आलं. घरात पाय ठेवल्यावर पहिल्याच घासाला ती आईला म्हणाली, "लई भारी झालंय, काकू." आई-अण्णा दोघंही हसले. मी जन्मापासून लई म्हणते, मला कुणी हसून दाद दिल्याचं आठवत नाही.

ते दिवस देवीच्या निद्रेचे होते. आमचं घर पुजाऱ्यांचं, त्यामुळं त्यात आम्हाला नवल नाही. नवरात्राच्या आधी देवीची मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात, घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते. दसरा झाला की कोजागरीपर्यंत पुन्हा निद्रा. दुपारी परसात आम्ही ओल्या शेंगा सोलत होतो आणि ती अण्णांना विचारत होती. झोपलेल्या देवीच्या दर्शनाला लोक येतात का, गावात तेव्हा कसं वाटतं, असं काय काय. अण्णांना इतकं विचारणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. ते म्हणाले, "येतात की. झोपली म्हंजे गेली न्हाय, पोरी. हाय तिथंच हाय."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, काका, आमची कृष्णविवरंही अशीच. जागी असली की क्वेसार, झोपली की नुसती दीर्घिका. पण असतात तिथंच.

"वा," अण्णा म्हणाले.

मी सोलत राहिले. माझ्या सगळ्या अभ्यासाचा तिनं दोन ओळींत हिशोब केला होता, तोही आमच्या परसात, आमच्या देवीवरून, माझ्या वडिलांना. उरलेल्या सगळ्या शेंगा मी एकटीनं सोलून काढल्या.

त्यानंतर दर फोनला अण्णा विचारायचे, तुझ्या मैत्रिणीचं कसं चाललंय. कृष्णविवर हा तिचा विषय आहे आणि मी तिच्या ऑफिसात कुठं तरी कामाला आहे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं झालं असावं. गल्लीत ते लोकांना झोपलेल्या कृष्णविवराचं सांगायचे. चुलतभावाच्या लग्नात आचाऱ्यानं मला वाढता वाढता विचारलं, ताई, ते आकाशातलं झोपतं म्हणं, खरं हाय का? मी म्हटलं, व्हय.

मग गेल्या वर्षी तिच्या संगणकानं एक जागं झालेलं पकडलं. एक साधीशी दीर्घिका, कुणाच्या गणतीत नसलेली, अचानक मधोमध झळाळायला लागली. झोपलेल्या कृष्णविवराला जागं होताना बघायला मिळणं म्हणजे आमच्या धंद्यात नशीबच. पण जागं झालं म्हणायचं तर आधी झोपलं होतं हे कुणी तरी बघितलेलं पाहिजे. ते मी बघितलं होतं. फार पूर्वी इतर दीर्घिकांबरोबर मी हिचीही धुळीची ऊब मोजली होती, गार निघाली, आणि ही माझ्या कामाची नाही म्हणून बाजूला टाकली. आमच्या कामात ही चूक हटकून होते. ज्यात काही घडत नाही त्याकडं पुन्हा बघायला कुणाला वेळ नसतो. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, तुझ्याकडं हिचं काही असेल ना? मी शोधून दिलं. शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं आलं, माझं चौथं. चौथं नाव म्हणजे लग्नपत्रिकेत खाली छापतात तसं नातेवाइकाचं. असतं, पण वाचत कुणी नाही.

वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. तिनं मराठीत एक भाषण दिलं, त्यात देवीची निद्रा होती, पलंग होता आणि "झोपली म्हणजे गेली नाही" हे अण्णांचं वाक्यही होतं. अण्णांनी मला त्याचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, बघ किती सोपं करून सांगितलंय. मी अंगठा पाठवला.

एवढ्यावर भागलं असतं. पण धाराशिवच्या एका कॉलेजात अण्णांचा जुना विद्यार्थी प्राचार्य आहे. दोघांनी मिळून दसऱ्यानंतर तिचं व्याख्यान ठरवलं आणि अण्णांनी मला फोन केला की पाहुण्यांची ओळख तू करून दे, तुझ्याएवढं कोण वळखतंय तिला. त्या फोननं मी भयंकर भडकले. आणि मग गेले. माझ्याच जिल्ह्यात, माझ्या वडिलांसमोर, माझ्याच विषयावर तिची ओळख करून द्यायला मी गेले.

मी ओळख करून दिली. चांगली दिली. मग ती बोलायला उभी राहिली. येताना गाडीत तिनं विचारलं होतं, इकडचं एखादं उदाहरण सांग ना. मी म्हटलं होतं, तेरखेडा घे, फटाक्यांचं गाव आहे, सगळ्यांना ठाऊक. ती म्हणाली, तेरखेड्याची सगळी दारू एकदम उडाली तर जेवढा उजेड पडेल, तो या उजेडापुढं काडेपेटीतली काडीसुद्धा नाही. पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. देवीचं आलं तेव्हा मागच्या बायकांनी हात जोडले. अण्णा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, मान डोलावत होते. हेच डोलावणं मला हवं होतं. मला पुरस्कार नको होता की फोटो नको होता, ही एक म्हातारी मान माझ्या बोलण्यावर एकदा डोलायला हवी होती.

प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीसारखी पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. मग अण्णा उठले. मला वाटलं आभार मानतील.

"मॅडम," ते तिला म्हणाले, आणि ते मॅडमही मला टोचलं. "तुमी म्हणता झोपलं होतं. पण जाळ चालूच असंल आणि वरून कुणी घमेलं पालथं घातलं असंल तर? विझलेलं आणि झाकलेलं, लांबून सारखंच दिसतंय की."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. तिला कळलं. मला तर असं कळलं की कानशिलं गरम झाली. कारण ते घमेलं माझं होतं. त्या दिवाळीतलं, परसातलं, धुरातलं. अण्णांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आमच्या विषयातला खरोखरचा अवघड प्रश्न त्याच्यात घालून ते तिच्यापुढं घेऊन उभे होते.

ती हसून म्हणाली, काका, फार छान प्रश्न. मग संगणकाबद्दल काही सांगितलं, मग उजेड कसा वाढला ते पुन्हा सांगितलं. उत्तर येत नव्हतं. निबंधातला तो भाग माझा होता, चौथ्या नावाचा, आणि तिनं तो माझ्यावर विश्वासून तसाच घेतला होता. अण्णांची मान डोलायची थांबली. मला आनंद झाला. अगदी आतून, गोड लागावा तसा आनंद झाला. मी गप्प बसले असते तर कुणी मला बोल लावला नसता. घरी जाताना अण्णा म्हणाले असते, पोरगी बोलते चांगली, पण पाया कच्चा हाय. एवढं एक वाक्य मला किती दिवस पुरलं असतं!

तिनं माझ्याकडं बघितलं. अण्णा अजून उभेच होते.

पण ती दीर्घिका झोपली होती. मी स्वतः मोजलं होतं. खोटं पडलेलं मला दुसऱ्याचंही बघवत नाही, हा स्वभाव मला अण्णांकडूनच आलाय. मी माझ्या खुर्चीतून उठले.

"घमेलं असतं तर ते तापलं असतं, अण्णा," मी म्हटलं. "मी हात लावून बघितलंय. गार होतं. ती खरंच झोपली होती."

"वा," अण्णा म्हणाले. मग तिच्याकडं वळून म्हणाले, "मग तुमचं बरोबर हाय, मॅडम." आणि खाली बसले.

पुण्याच्या वाटेवर ती किती तरी वेळ माझे आभार मानत होती. माझं लक्ष नव्हतं. तो 'वा' कुणाला होता, हे मी ठरवत होते. माझ्या उत्तराला होता, की तिचं बरोबर निघालं त्याला? म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं होतं, पण मान डोलावली ती तिच्याकडं वळल्यावर. सोलापूर गेलं, भिगवण गेलं, मला काही ठरवता आलं नाही. शेवटी म्हटलं, उद्या सरळ विचारू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना अण्णांचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "तुझी मैत्रीण पोचली का नीट?"

"पोचली," मी म्हटलं. "मी पण पोचले, अण्णा."

"तू तर पोचणारच की," ते म्हणाले. "तुझी काय काळजी." आणि फोन ठेवला.

शेजारच्या टेबलावरून तिनं विचारलं, काका काय म्हणत होते? मी म्हटलं, तुझी चौकशी करत होते. पुढचं तिला सांगितलं नाही. देवी दिली, तेरखेडा दिलं, दीर्घिका दिली, एवढं एक वाक्य राहू दे माझ्याकडं.