अर्धा गेलेला फॅक्स

"थांबा हो, ऐकतो जरा," म्हणत काका रिसीव्हर कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आतून फॅक्सची शिट्टी ऐकू आली की चेहरा खुलायचा. "चालला, चालला!" आणि त्यांनी फोन उचलला म्हणूनच तो फॅक्स तिथल्या तिथे तुटायचा.

आमचं ऑफिस रत्नागिरीतलं, आंब्याचा रस डब्यांत भरून विकणाऱ्या कंपनीचं. काका तिथले सर्वांत जुने कारकून; पूर्वी फॅक्सचं मशीन त्यांच्याच टेबलावर असे. घातलेला कागद बाहेर येईपर्यंत ते समोर अदबीने उभे राहत. दोन हजार सालाच्या आसपास साहेबांनी फॅक्स सर्व्हर आणला. म्हणजे कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर. ज्याने त्याने आपल्या जागेवर पत्र टाइप करायचं, नंबर घालून सोडायचं. सर्व्हर सगळ्यांची पत्रं रांगेत लावी, एकाच लाइनवरून एकेक नंबर फिरवी, तुटलं तर थोड्या वेळाने पुन्हा फिरवी. रांगेवर लक्ष ठेवायचं काम माझं.

काकांना हे काही पटेना. "कागदच नाय, तर जातं काय?" त्याच लाइनवरचा जुना फोन त्यांच्या टेबलावर राहिला होता. सर्व्हरचा दिवा लुकलुकला की त्यांचा हात तिकडे गेलाच. मुंबईच्या एजंटला एकाच पत्राचा वरचा भाग सकाळभर येत राहिला. शेवटी त्याने विचारलं, "खालचा भाग काय, आंबे उतरल्यावर पाठवणार?"

साहेब भडकले. काकांना कंपनीच्याच लांज्याच्या काजू फॅक्टरीत पाठवायचं त्यांनी ठरवलं. काकू अंथरुणाला खिळलेल्या. रोज दुपारी काका सायकल दामटत घरी जाऊन त्यांना भरवून येत. लांज्याहून ते कसं जमणार? मी साहेबांना तसं म्हटलंही. "हे ऑफिस आहे," ते म्हणाले, आणि लांज्याच्या मॅनेजरांना स्वतः पत्र टाइप करून सर्व्हरवर सोडलं.

दिवा लुकलुकला. काकांनी रिसीव्हर उचलला.

लगेचच दुसऱ्या लाइनवर लांज्याचे मॅनेजर आले. फोन घेतला काकांनीच. बोलता बोलता ते उभे राहिले, डोळे पुसले आणि तडक केबिनमध्ये शिरले. मी मागोमाग.

"साहेब, माझ्याबद्दल एवढं लिहिलंत? 'आमचे सर्वांत जुने, प्रामाणिक सहकारी...' मॅनेजर अभिनंदन करत होते हो! पुढचं काय आलं नाय म्हणाले."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बदलीची पत्रं कशी असतात, तुम्हीही पाहिली असतील: वर कौतुक, खाली "तथापि". आणि ते पत्र रांगेत पुन्हा जायला तयारच होतं. साहेब माझ्याकडे न बघता पुटपुटले, "काढ ते." एवढ्या चपळाईने मी ऑफिसात दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

काका राहिले. टेबलावरचा फोन तेवढा हलवला.

काही वर्षांनी काकू गेल्या. दिवसकार्य आटोपून काका कामावर आले ते थेट साहेबांसमोर उभे राहिले.

"आता लांज्याला धाडलंत तरी चालेल, साहेब. दुपारी घरी कोणी नाय आता."

म्हणजे पत्राचा खालचा भाग त्यांना ठाऊक होता. कधीपासून, हे विचारायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. साहेबांनी खूप समजावलं, पण काका ऐकेनात. एसटी स्टँडवर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. गाडी सुटेपर्यंत साहेब त्यांची पिशवी हातात धरून उभे होते.