झाडाला सनई

हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण तुम्ही विषय काढलाच आहे, चहाही अजून उकळायचाय, तर ऐका. फक्त शाळेचं नाव विचारू नका.

मी मराठी शिकवते. संगीत नाही. पण लहानपणी दोन वर्षं पेटीच्या क्लासला जात होते, त्यामुळे मला कान आहे, असं मी स्टाफरूममध्ये अधूनमधून सांगत असते. अधूनमधून म्हणजे रोज. म्हणून गॅदरिंगच्या नाटकाचं पार्श्वसंगीत कोण निवडणार हा प्रश्न आला, तेव्हा हेडमास्तर वर न बघताच म्हणाले, "बाई, तुम्हाला कान आहे. घ्या."

घेतलं!

नाटक एका झाडाचं होतं. रस्ता रुंद करायचाय म्हणून गावातलं जुनं झाड तोडतात, एवढीच गोष्ट. झाडाचं काम आठवीतल्या सानिकाला. तिनं अर्धा तास हात पसरून उभं राहायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. शेवटी कुऱ्हाड बसते, झाड पडतं, संगीत वाजतं. आणि संगीत थांबलं की पडलेलं झाड पहिल्यांदाच बोलतं. दोन मिनिटं. सगळं नाटक त्या दोन मिनिटांसाठी.

ही सानिका गडमुडशिंगी गावची. हजेरी दिली तरी बाकावरच्या मैत्रिणीला ऐकू येत नाही, असा आवाज. मीच हट्टानं तिला घेतलं. तर एक दिवस तिचे वडील शाळेत आले, दुधाच्या किटल्या गाडीला तशाच लटकलेल्या.

"बाई, आमच्या पोरीला बोलायला हाय न्हवं? का नुसतीच हुबी करताय?"

"आहे की! शेवटी बोलणार आहे. सगळ्या हॉलला रडवणार बघा."

"मग येतो. घरात आमच्याम्होरं बोलंना झालीया. गोठ्यात जाती आन् म्हशींम्होरं म्हणती. त्या दिवशी धार शेजाऱ्याला काढाय लावतो, पर येतो."

आता संध्याकाळची धार दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. माणूस पोरीचे दोन शब्द ऐकायला किती आसुसला होता!

तर संगीत. गाणं नको, नुसतं वाद्य हवं, एवढं ठरलं होतं. आधी बासरी ऐकली. योगासनांचा वर्ग सुरू झाल्यासारखं वाटलं. सतार ऐकली, तर एखाद्या महागड्या हॉटेलात ऑर्डरची वाट बघत बसलोय असं वाटायला लागलं. व्हायोलिन म्हणजे टीव्हीवरची सासू. आठवडाभर कानात इयरफोनचे बोळे घालून ऐकत होते, भाजी दोनदा करपली. आणि मग एकदम सुचलं. सनई! अहो, करुण रस सनईइतका आहे कशात?

आमच्या गल्लीच्या टोकाला दस्तगीर चाचा राहतात. चाळीस वर्षं लग्नांत सनई वाजवतात. त्यांच्याकडे गेले.

"चाचा, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून घेते. आधी संथ वाजवा, रडवेलं. मग झाड पडतं तिथं एकदम जोरात. चौघडा पण पाहिजे."

"नाटक हाय कुठं?"

"मंगल कार्यालयात." आमच्या शाळेला कुठला हॉल? पालकांनी नाटकानंतर तिथंच जेवणही ठेवलं होतं.

चाचांनी सनई मांडीवर ठेवली. "बाई, दुसरं कायतरी घ्या. कार्यालयात सनई-चौघडा वाजला की मानूस चपला हुडकतंय. जल्म गेला आमचा त्यात."

"चाचा, ही कला आहे. लोकांना कळतं."

"व्हय, कळतंय की! त्येच म्हंतोय मी."

पण कान मला होता ना! चाचांनी मान हलवली, आपल्या चौघडेवाल्याला हाक मारली आणि वाजवलं. काय वाजवलं म्हणून सांगू, दगडाला पाझर फुटावा असं.

इथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी नाटक आणखी सुधारायला घेतलं. कुऱ्हाडवाला गपचूप झाड तोडतो, हे मला फार सपक वाटायला लागलं. त्याला म्हटलं, लोकांना इशारा दे. ओरड, "सावधान!" एकदा नाही, तीनदा. आणि झाड पडताना पानं नकोत का गळायला? पिवळा कागद बारीक कातरून घेतला, वरच्या सज्जात सहावीच्या मुली उभ्या केल्या आणि त्यांना सांगितलं, चौघडा सुरू झाला की मुठी भरभरून खाली बसलेल्या लोकांवर टाका.

आलं ना तुमच्या लक्षात? हसू नका. माझ्या आलं नव्हतं.

नाटकाच्या दिवशी कार्यालय खचाखच भरलेलं. पहिल्या रांगेत फेटा बांधलेले प्रमुख पाहुणे. "सकाळधरनं दोन लग्नं झाली," म्हणून त्यांनी आल्या आल्या खुर्चीत अंग सोडलं आणि दहाव्या मिनिटाला ते घोरायला लागले. तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून सानिकाचे वडील. घडी घडी शेजारच्याला सांगत होते, "ते झाड आमचं हाय. शेवटी बोलतंय." दस्तगीर चाचा अगदी मागं. आणि त्यांच्याही मागून, भटारखान्यातून, मसालेभाताचा वास.

सानिका उभी होती. हात पसरून, पापणी न हलवता.

शेवट आला. मी विंगेतून सनई सुरू केली. संथ, रडवेली. हॉल चिडीचूप.

"सावधान!" लोक खुर्चीत सरळ झाले.

"सावधान!" बायकांनी पदर सारखे केले. मला वाटलं, काय परिणाम साधलाय!

"सावधान!" कुऱ्हाड बसली, चौघडा कडाडला, वरून पिवळी पानं सगळ्यांच्या डोक्यावर. आणि टाळ्या! काय त्या टाळ्या! मी विंगेत डोळे मिटून उभी. म्हटलं, जन्माचं सार्थक झालं.

डोळे उघडले, तेव्हा प्रमुख पाहुणे जागे होऊन फेट्यावरचे कागद झटकत होते.

"पडल्या व्हय अक्षता? चला मग," असं म्हणून ते उठले.

पाहुणा उठल्यावर कोण बसतंय हो? खुर्च्या सरकल्या, पोरं कडेवर गेली, आणि बघता बघता हॉल जेवणाकडं निघाला. हेडमास्तर धावत विंगेत आले. "बाई, आणा त्यांना माघारी!"

मी पळाले. जेवणाच्या हॉलच्या दारात हात पसरून उभी राहिले, सानिकासारखी. "अहो, नाटक राहिलंय! झाड बोलायचंय अजून!"

"बोलंल की," एक बाई मला बाजूला सारत म्हणाल्या. "वाट अडवू नगासा, रांग मोडती."

त्या लोंढ्यानं मलाही आत नेलं. मी रांगेत पुढं पुढं, समजावत समजावत, पार टेबलापर्यंत. तिथं आचाऱ्यानं ताट हातात दिलं. "धरा बाई, गरम हाय."

धरलं मी. जिलेबी खरंच गरम होती.

तेवढ्यात सनई थांबली. सानिकाला मी बजावून ठेवलं होतं, सनई थांबली की बोलायचं, समोर कोण आहे बघायचं नाही. पोरगी शब्दाची पक्की. जेवणाच्या हॉलातल्या स्पीकरमधून तिचा आवाज आला, मोठा आणि खणखणीत.

"इतकी वर्षं मी उभी होते. तुमच्या गाड्या माझ्या सावलीला लागल्या, तुमची पोरं माझ्या सावलीत निजली. तुझे पाय दुखतात का, असं मला कुणी विचारलं नाही."

वाढप्याचा डाव हवेतच राहिला. रांग थांबली. मला इतकं भरून आलं की काय सांगू! आणि तितकीच लाजही वाटली. ज्या पोरीला मी हट्टानं उभं केलं, तिचं बोलणं मी भिंतीवरच्या स्पीकरकडं बघत ऐकत होते.

भाषण संपल्यावर मी तशीच परत धावले. रिकाम्या हॉलात दोनच माणसं बसलेली. दस्तगीर चाचांनी नुसता आपल्या कानाला हात लावला.

सानिकाचे वडील डोळे पुसत उठले. "बाई, बोलली की वो पोरगी! समदं बोलली! तुमी ऐकलासा न्हवं?"

"ऐकलं तर! शब्द न् शब्द ऐकला."

त्यांनी माझ्या हातातल्या ताटाकडं बघितलं. मग हनुवटीवरच्या पाकाकडं.

"आसू द्या बाई," ते समजुतीनं म्हणाले, "आमच्या म्हशी बी रवंथ करतच ऐकत्यात."