पिशवीतला बल्ब

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढणं म्हणजे पापच. टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक, गाडीच्या सीटवर प्लॅस्टिक. स्वयंपाकघरात एलईडी बल्ब लावला, तेव्हा फोडणीच्या धुराने तो तेलकट होऊ नये म्हणून आईने त्यालाही पिशवी घातली आणि मानेशी रबर अडकवलं. पिशवी कळकट झाली की ती दुसरी चढवायची. बल्ब वर्षानुवर्षं टिकेल असं खोक्यावर छापलेलं होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त.

दिवसा आईला शेतातून सवड नसायची. जेवणं उरकली की त्या बल्बखाली बसून ती गोधड्या शिवायची. गावातली कितीतरी पोरं तिच्या गोधडीत वाढली. पुढे तिचा टाका वाकडा पडू लागला, सुईत दोरा जाईना. उजेड कमी झालाय, असं ती म्हणाली. बल्ब तर चालू आहे, आपण डोळे दाखवू, असं मी म्हणालो. मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे, एवढ्यात काळजी नको, असं श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही मोतीबिंदू तेवढा ऐकला. तिनेही. जुन्या लुगड्यांचं गाठोडं शेजारणीला देऊन ती मोकळी झाली. अर्धवट गोधडी फळीवर गेली.

यंदा तो बल्ब गेला. जुने बल्ब तार तुटली की एका झटक्यात जायचे. याच्यात पट्टीवरचे बारीक पिवळे ठिपके उजळतात. पुढून तो गारच लागतो, पण उष्णता मागे मानेत साठते आणि तिला मोकळी हवा लागते. पिशवीत ती कोंडली, आणि ठिपके मंद होत गेले, इतके सावकाश की रोज बघणाऱ्याला कळू नये. हे मला दुकानदाराने नवा बल्ब देताना सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा बल्ब पिशवीविना लावला. कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसायला लागली. मी फळीवरची गोधडी काढून आईपुढे ठेवली. तिने सुई घेतली, दोरा लगेच ओवला गेला. गाठोडं परत मागू का, असं मी विचारलं. शेजारणीने त्याच्या गोधड्या शिवून केव्हाच लेकींना दिल्या होत्या, हे मला आईच्या तोंडून कळलं. मग तिने वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"म्हंजी मला दिसत हुतं," ती म्हणाली.