तपकिरी म्हणवली जाणारी शाल

दोरेवाल्या काकूंनी तेहतीस वर्षं दोरे-बटणांच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक कापडाचा कपटा पुढे करायचं, काकू नुसती नजर टाकायच्या आणि मागे वळून नेमकं रीळ काढायच्या. एकशे बारा नंबर म्हणजे एकशे बाराच!

आणि नवरा मिळाला तो रंगांधळा. काका पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. हात असा की पेन्सिलीने सरळ रेघ ओढली तर पट्टीने लाजावं. पण हिरवं आणि तपकिरी त्यांना एकच. रोज सकाळी पायमोजे हातात घेऊन विचारायचे, "अगं, ही जोडीच आहे ना?" हौसेने काढलेली त्यांची सगळी चित्रंही पेन्सिलीचीच. रंगाच्या वाटेला ते कधी गेलेच नाहीत.

काका गेल्यावर चित्रांच्या अकरा वह्या उरल्या. धाकट्या नणंदेने त्यातली एक मागितली, तेव्हा काकू फटकन म्हणाल्या, "वस्तू वाटायला मी अजून बसलेली नाही." झालं! तीन वर्षं दोघींचा अबोला.

यंदा लेकीने त्या वह्या स्कॅन करून टॅबलेटवर घातल्या आणि आईच्या हातात पेन दिलं. "रेघांचा थर वर ठेव, रंग खालच्या थरावर भर. बाबांची रेघ पुसली जाणार नाही." काकूंनी आधी नाक मुरडलं. "इथे रंगांना नंबरच नाहीत, शोधायचं कसं?" पण आठवड्याभरात त्यांचा हात बसला. दुकानाचा काउंटर रंगवला, लेकीचं पहिलं दप्तर रंगवलं, पहिल्या भाड्याच्या खोलीचं निळं दार रंगवलं. त्या दाराशी तर त्या बराच वेळ थबकल्या. काका दार उघडायला आत उभे असतील, असं क्षणभर वाटून गेलं.

मग पाचवी वही उघडली. स्वयंपाकघर, खिडकीशी स्टूल, स्टुलावर शाल पांघरून बसलेल्या सासूबाई. त्या काकूंच्या लग्नाआधीच गेलेल्या. भिंत, स्टूल काकूंनी अंदाजाने रंगवलं, पण शालीपाशी अडलं. रंग ठाऊक असणारं माणूस आता जगात एकच होतं.

जिवावर आलं होतं, तरी काकूंनी फोन लावला. "वन्सं, मी बोलतेय. सासूबाईंच्या शालीचा रंग कोणता होता हो?"

 पलीकडून आवाज आला, "असं फोनवर कसं सांगू, वहिनी? येते मी."

दुसऱ्याच दिवशी नणंदबाई हजर. चष्मा पुसून त्यांनी पडद्यावर डोळे लावले. "आई!" एवढंच म्हणाल्या, आणि पदराचं टोक डोळ्यांशी नेलं. पण लगेच सावरून कामाला लागल्या. "भिंत इतकी पिवळी नव्हती. अजून फिकी. तुमचं ते दुकान झालं, आमचं घर नाही."

"बरं. आणि शाल?"

"हिरवी. गडद हिरवी."

"पण हे तर कायम म्हणायचे, आईची तपकिरी शाल."

नणंदबाई हसल्या. "दादाला ती तपकिरी दिसायची. लहानपणी एकदा पाहुण्यांसमोर तो तसं म्हणाला आणि सगळे हसले. त्या रात्री आईने आम्हाला ताकीद दिली, आजपासून घरात ही शाल तपकिरी. शेवटपर्यंत ती तपकिरीच म्हणायची. मीसुद्धा."

काकूंचा पेन धरलेला हात थांबला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकांनाही नाहीच.

"मग आता काय करायचं?" नणंदेने हळूच विचारलं.

"हिरवी करू या. आईंनी पांघरलेली तीच. ह्यांना दिसायची तशी ह्यांनी पेन्सिलीने काढून ठेवलीच आहे." काकूंनी गडद हिरवा घेतला, थोडा काळसर केला. "असा?"

"थोडा उजळ. हां, हां... हाच!"

शालीच्या घड्यांत रंग भरता भरता संध्याकाळ झाली. निघताना काकूंनी पाचवी वही कापडी पिशवीत घालून नणंदेपुढे धरली. "तेव्हा मी चुकले."

नणंदेने पिशवी घेतली, छातीशी धरली. दारात पायात चपला सरकवताना म्हणाल्या, "स्टूल मात्र लाल होतं हं, वहिनी. तुम्ही लाकडी केलंय."

"अहो, मग मघाशीच सांगायचं नाही का?" म्हणत काकूंनी त्यांना परत आत ओढलं.